ब्रिस्टलला मुलाकडे जातोय. वेल्समधली बिग पिट कोळसा खाण आणि तिथली वाफेची रेल्वे पासष्टीत झेपेल का?

तुम्ही लातूरचे, मी औशाचा, म्हणून मोकळंच सांगतो. गुडघे फारच कुरकुरत नसतील तर झेपेल. मी अण्णांना नेलं तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती.

ब्लेनाव्हनची ही खाण १९८० साली बंद पडली, १९८३ पासून लोकांना दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा प्रवेश फुकट होता, पार्किंगचे तेवढे पैसे. लोखंडी पिंजऱ्यातून ९० मीटर, म्हणजे जवळजवळ तीनशे फूट खाली नेतात. आपल्याकडं बोअर पाचशे-सहाशे फूट जातो, पण त्यात माणूस उतरत नाही. अण्णा माझा दंड धरून म्हणाले, "आडात उतरल्यावानी वाटायलंय रे."

त्याआधी मोबाईल, बॅटरीचं घड्याळ, काडेपेटी सगळं वरच ठेवून घेतात. खाणीत मिथेन असतो, ठिणगी चालत नाही. म्हणजे खालचे फोटो विसरा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. डोक्यावर दिव्याचं हेल्मेट, कमरेला बॅटरीचा पट्टा, तोही चांगलाच जड. काही ठिकाणी वाकून चालावं लागतं. उन्हाळ्यातही स्वेटर न्या.

खाली घोड्यांचे तबेले आहेत, घोड्यांच्या नावांच्या पाट्यांसकट. एका जागी वाटाड्या सगळ्यांना दिवे बंद करायला लावतो. अमावस्येला रानात निदान चांदण्या तरी असतात. इथं डोळ्यापुढं धरलेला हात दिसत नाही. जुन्या काळी वेल्सच्या खाणींत असल्या अंधारात हवेची दारं उघडायला-लावायला लहान पोरं बसायची. १८४२ च्या कायद्यानं दहा वर्षांखालच्या मुलांना खाली उतरवायला बंदी आली. हे मी मराठीत सांगितल्यावर अण्णा वर येईपर्यंत बोलले नाहीत.

रेल्वेचं तिकीट वेगळं. स्वयंसेवक चालवतात, गाड्या बहुतेक शनिवार-रविवारी असतात, आणि कधीकधी डिझेल इंजिनही लावतात. वेळापत्रक बघूनच निघा. आम्ही पहिल्यांदा बुधवारी गेलो आणि नुसते रूळ बघून आलो. खाणीजवळच थांबा आहे. प्रवास एवढासा, मला तर खाणीपुढं फिकाच वाटला.

अण्णांचं तसं नव्हतं. लातूरला १९११ साली आलेली अडीच फुटी बार्शी लाईट त्यांनी लहानपणी वापरलेली, कुर्डुवाडीहून पंढरपूरला जायला. इंजिनानं शिट्टी दिली तसं त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि व्हायचं तेच झालं, डोळ्यात कोळशाचा कण गेला. तो काढायला हात आपसूक धोतराच्या सोग्याकडं गेला. अंगात पँट होती.