सातव्या मजल्याच्या सज्जाखाली मोहोळ लागलंय, पेस्ट कंट्रोल बोलावू का?

नको. आधी मोहोळ कुणाचं ते खालून बघा. सज्जाला उघडंच लोंबणारं, सुपाएवढं किंवा त्याहून मोठं एकच पोळं असेल, तर त्या आग्या माश्या. ही जात पेटीत राहत नाही, पण कायमची मुक्कामालाही नसते. फुलोरा संपला की उठून जाते. माणसांचा वावर नसेल तर काही महिने कळ काढा. रात्री तिकडचा बाल्कनीचा दिवा मात्र बंद ठेवा, त्या उजेडावर येतात.

मीटरच्या खोक्यात किंवा भिंतीच्या पोकळीत एकाआड एक पोळी असतील तर त्या सातेरी. मधपाळ त्यांना पेटीत घालून नेतो. पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत विचारा.

धूर, फवारा, दगड काही नको. एकीने डंख मारला की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि बाकीच्या त्याच माणसावर तुटून पडतात. (आमच्या वॉचमनने जळका बोळा दाखवला होता. दोन दिवस त्याचा डोळा उघडला नाही.)

माश्या गेल्यावर मेण खरवडून जागा धुवा, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच.