गाडीच्या इन्शुरन्सचे तीन कोट आलेत, कुठल्या कंपनीचा घेऊ?

तुमचा प्रश्न असा की गाडीला चार वर्षं पूर्ण होतायत, 1197 सीसी पेट्रोल, आजवर एकही क्लेम नाही, आणि रिन्यूअलला डीलर 17,600 म्हणतोय, एजंट 13,200 आणि ऑनलाइन 9,400 ला मिळतंय, तर यातली चांगली कंपनी कुठली. मी एका वर्कशॉपच्या बॉडीशॉपमध्ये क्लेमचं काम बघतो, म्हणजे दिवसभर एस्टिमेट, नुकसान तपासायला येणारे सर्व्हेयर आणि 'फुल इन्शुरन्स आहे ना मग पैसे कशाचे' म्हणून भांडणारे कस्टमर हेच चालू असतं. त्यामुळे त्या बाजूने सांगतो. कंपनीचं नाव बाजूला ठेवा, आधी तुम्ही टाकलेले तीन कोट नीट वाचू, कारण ते तीन वेगवेगळ्या मालाचे भाव आहेत.

ऑनलाइनवाल्यात आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर मिळणारी रक्कम) 2,95,000 धरलाय, एकही अ‍ॅड-ऑन म्हणजे जास्तीचं कव्हर नाही, आणि खाली बारीक अक्षरात व्हॉलंटरी डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला तुम्ही आपणहून खिशातून भरायची रक्कम, 7,500 टाकलंय. एजंटच्या कोटमध्ये आयडीव्ही 3,80,000, झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापणारं अ‍ॅड-ऑन) आहे, पण एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, 35 टक्के लावलाय, तुमचा 45 बसतो. डीलरच्या कोटमध्ये आयडीव्ही 4,10,000, झिरो डेप, इंजिन, कन्झ्युमेबल्स, टायर, चावी, गाडीतलं सामान, जे जे चिकटवता येतं ते सगळं चिकटवलंय. आता सांगा, 17,600 महाग आणि 9,400 स्वस्त असं कशाच्या जोरावर म्हणणार?

या सगळ्यात एक रक्कम मात्र तिन्हीकडे सेम आहे. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या भागाचा प्रीमियम सरकार ठरवतं, 1 जून 2022 पासूनच्या दरांप्रमाणे 1000 ते 1500 सीसीच्या प्रायव्हेट कारला 3,416 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, कंपनी कुठलीही असो. त्यामुळे कुणी 'आमची थर्ड पार्टी स्ट्राँग आहे' वगैरे सांगायला लागला तर फोन ठेवून द्या. समोरचा माणूस जखमी झाला किंवा दगावला तर भरपाईला वरची मर्यादा नाही, समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत, हेही सगळीकडे तेच. ओन डॅमेजचे (ओडी, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) दर 1 जानेवारी 2007 पासून मोकळे झाले, पण मूळ पॉलिसीची भाषा अजून बहुतेक जुन्या टॅरिफचीच, म्हणजे आधीच्या ठरवून दिलेल्या दरपत्रकाचीच चालते. म्हणजे खरा फरक ओडीवरच्या डिस्काउंटमध्ये, अ‍ॅड-ऑनच्या अटींमध्ये आणि क्लेमच्या वेळच्या वागणुकीत. बाकी पुडीचा रंग.

आयडीव्हीचं गणित बघा. तुमच्या मॉडेलची आजची शोरूम किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा कापायचा, तीन ते चार वर्षांना 40 टक्के, चार ते पाचला 50. गाडी आज साधारण 7,80,000 ला असेल तर तुमचा आयडीव्ही 3,90,000 च्या आसपास यायला हवा. 2,95,000 वर प्रीमियम कमी दिसतो कारण गाडी चोरीला गेली तर तुम्हाला लाखभर कमी मिळणार आहेत. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते. 2,95,000 च्या आयडीव्हीला ही रेष सव्वादोन लाखांच्या आतच येते, एअरबॅग उघडल्या आणि पुढचा भाग आत गेला की आजकाल तेवढं एस्टिमेट सहज होतं. मग जी गाडी दुरुस्त होऊन अजून पाचसहा वर्षं पळाली असती ती भंगारात जाते आणि तुमच्या हातात तो कमी केलेला आयडीव्ही. आयडीव्ही खाली ओढून स्वस्त केलेला कोट मी तरी कोट समजत नाही. वेबसाइटवर तो आकडा बदलायची सोय असते, तिन्हीकडे 3,90,000 टाका आणि मग बघा.

आता झिरो डेप, कारण चार वर्षांच्या गाडीला पैसे वाया घालवायचे का हा तुमचा दुसरा प्रश्न होता. एक साधं बिल घेऊ, पुढचा बंपर फुटला. बंपर 8,000, पेंटिंग 4,000, लेबर 1,500, क्लिपा आणि किरकोळ माल 500, एकूण 14,000, जीएसटी सध्या विसरा. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, म्हणजे 4,000 गेले. पेंटिंगच्या बिलातला एक चतुर्थांश भाग मटेरियल धरतात आणि त्यावर 50 टक्के, म्हणजे 500 गेले. क्लिपा वगैरे कन्झ्युमेबल्स, ते 500 तुमचे. शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला कंपल्सरी डिडक्टिबल 1,000. हातात आले 8,000. रबर, टायर, बॅटरी यांनाही असाच निम्मा घसारा, काचेला अजिबात नाही, पत्र्याला वयाप्रमाणे, चार वर्षं उलटली की 35 टक्के.

आणि ते 8,000 तरी खरे आहेत का? क्लेम केला की एनसीबी शून्यावर. समजा एनसीबी लावण्याआधीचा तुमचा ओडी प्रीमियम 6,400 आहे. क्लेम नसता तर पुढच्या वर्षीपासून 50 टक्के सूट मिळाली असती, आता पहिल्या वर्षी शून्य, मग 20, 25, 35, 45 असं परत चढत जायचं. ज्या पन्नासला तुम्ही मुकलात त्यातली ही सूट वजा केली तर पाच वर्षांत 50 अधिक 30 अधिक 25 अधिक 15 अधिक 5, एकूण 125 टक्के, म्हणजे 6,400 वर बरोबर 8,000. दर वर्षी आयडीव्ही उतरेल तसा ओडीही थोडा उतरतो म्हणून प्रत्यक्षात जरा कमी भरेल, पण अर्थ तोच, एका बंपरचा क्लेम झिरो डेपशिवाय जवळजवळ फुकट घालवलेला असतो. हे मी कस्टमरला काउंटरवर कागदावर लिहून दाखवतो आणि त्यातले बरेच जण क्लेम न करता खिशातून भरून जातात, आमच्या मॅनेजरला ते फार आवडत नाही तो भाग वेगळा.

तर माझं मत, चारपाच वर्षांच्या गाडीला झिरो डेप घ्या, पण ते मोठ्या अपघातासाठी आहे असं समजून घ्या, ओरखड्यांसाठी नाही. घेताना विचारा की वर्षात किती क्लेमना लागू आहे, काही कंपन्या दोनच देतात काही मोजत नाहीत, आणि पुढच्या वर्षी गाडी पाचच्या वर गेल्यावर देणार का. पाच वर्षांनंतर झिरो डेप बंद करणाऱ्या कंपन्या आहेत आणि देणाऱ्याही आहेत, हा कंपन्यांमधला खरा फरक, आणि तुम्हाला तो एका वर्षात लागणार आहे. कन्झ्युमेबल्स झिरो डेपसोबत स्वस्तात मिळतं, असू द्या. इंजिन प्रोटेक्ट गाडी कुठे लावता त्यावर. बेसमेंटमध्ये किंवा पाणी तुंबणाऱ्या रस्त्यावर लावत असाल तर नक्की घ्या, कारण पाण्यात गाडी बंद पडली आणि परत स्टार्टर मारला की इंजिनात पाणी जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी त्याला अपघाताचं नुकसान मानत नाही. (आणि अ‍ॅड-ऑन असला तरी पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्ट करू नका, टो करून आणा, इतकं कळवळून सांगतोय.) टायर, चावी, सामान हे तुमच्या जागी मी काढून टाकेन. व्हॉलंटरी डिडक्टिबल पण नको, वर्षाला वाचतात थोडेच आणि दर क्लेमला कंपल्सरीच्या वर 7,500 खिशातून जातात.

पंधरा लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर मालकाला कंपल्सरी असतं, पण तुमच्या नावावर दुसऱ्या गाडीत ते आधीच असेल किंवा तेवढ्या रकमेची वेगळी पॉलिसी असेल तर परत घ्यावं लागत नाही, फक्त तसं डिक्लेअर करायचं.

एवढं सगळं तिन्ही कोटमध्ये एकसारखं केलं, म्हणजे आयडीव्ही 3,90,000, एनसीबी 45, झिरो डेप, कन्झ्युमेबल्स, लागलं तर इंजिन, डिडक्टिबल फक्त कंपल्सरी, की माझा अंदाज आहे आठ हजारांचा फरक दोनतीन हजारांवर येईल. मग कंपनी निवडायची वेळ येते. त्यासाठी जाहिरातीतला 98 टक्के सेटलमेंट रेशो विसरा. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाच्या अहवालात इन्कर्ड क्लेम रेशो असतो आणि लोक त्यालाच सेटलमेंट रेशो समजतात, तो फक्त सांगतो की कमावलेल्या प्रीमियमच्या शंभर रुपयांमागे किती क्लेममध्ये गेले, तुमचा क्लेम पास होईल का याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. त्यापेक्षा कंपनीच्या वेबसाइटवर पब्लिक डिस्क्लोजर नावाचं पान शोधा, तळाशी कुठेतरी लपवलेलं असतं, त्यात एनएल-39 फॉर्ममध्ये क्लेम किती दिवसांत दिले ते मोटर ओडीचं वेगळं दिसतं, आणि एनएल-45 मध्ये तक्रारी किती आल्या आणि काय झालं ते. न्यू इंडिया, एचडीएफसी अर्गो, टाटा एआयजी, अको, कुणाचाही काढा, प्रत्येक कंपनीला तो टाकावाच लागतो. वाचायला रटाळ आहे पण यूट्यूबवरच्या कुठल्याही 'टॉप 5' पेक्षा खरा.

आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, तुम्ही गाडी जिथे दाखवता त्या वर्कशॉपच्या बॉडीशॉपमध्ये जा. सेल्सच्या काउंटरला नको, ते त्यांची पॉलिसी विकतील. क्लेम बघणाऱ्याला विचारा की सध्या कुणाकुणाचं कॅशलेस (कंपनीने बिल थेट वर्कशॉपला देणं) चालू आहे आणि कुणाचा डीओ लवकर येतो. डीओ म्हणजे गाडी सोडायला कंपनीकडून येणारं अप्रूव्हल, तो येईपर्यंत दुरुस्त झालेली गाडी आमच्याकडे उभी राहते. वेबसाइटवरच्या गॅरेजच्या यादीवर भरवसा ठेवू नका, टाय-अप तुटलेलं असतं आणि नाव तसंच राहतं. एका कंपनीचं आमच्याकडे असंच होतं, लोक यादी बघून यायचे आणि पूर्ण बिल भरून नंतर रीइम्बर्समेंटच्या मागे फिरायचे. सर्व्हेयर बंपर बदलायला मान्यता देतो की रिपेअर करा म्हणून अडून बसतो हे पण तोच माणूस सांगू शकेल.

डीलरकडूनच घ्यायला पाहिजे अशी सक्ती कुणी करू शकत नाही, बाहेरची पॉलिसी असली तरी गाडीची वॉरंटी जात नाही. पण डीलरचं कॅशलेस सहसा सुरळीत चालतं हे मान्य करावं लागेल, म्हणून एकसारखा केलेला ऑनलाइन कोट मोबाइलवर दाखवा आणि यावर किती करताय विचारा. बरेचदा उतरतात, तिथल्या तिथे.

एजंटकडून घेणार असाल तर ते 35 चं 45 करून घ्या. उलट कुणी 50 लावून स्वस्त करून देतो म्हणाला तर घेऊ नका, नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबी तपासते आणि ते खोटं निघालं की नेमका क्लेम आल्यावर ओडीचा भाग अडकतो. जुनी पॉलिसी संपायच्या आत पैसे भरा, एक दिवस जरी गॅप पडला तरी गाडीचं इन्स्पेक्शन लागतं, आणि 90 दिवस उलटले तर एनसीबीच गेला.

एक राहिलं. तुम्ही पेट्रोल लिहिलंय, पण बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का बघा आणि पॉलिसीत किटची किंमत वेगळी लिहून घ्या, तिन्ही कोटमध्ये त्या रकान्यात शून्य दिसतंय. किट असेल तर कमेंटमध्ये सांगा, मग वरचे आकडे थोडे बदलतील.