आधी किल्ली कोणाकडे आहे ते विचार

प्रिय पोरी,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन. विषय उत्तम आहे, पॅलेस्टाइनमधल्या जुन्या घरांची दुरुस्ती. पण पहिल्या तीन पानांत ‘जखम भरून येणे’ अकरा वेळा आलंय आणि ‘चुना’ एकदाही नाही. म्हणून हे पत्र.

जखम भरायची तर आधी घाव थांबावे लागतात. तिथे ते थांबलेले नाहीत. मग अशा ठिकाणी कमान सावरून, गिलावा करून नेमकं काय साधतं? याचं उत्तर मला वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनमध्ये दिसतं. तिथले लोक आपल्या शहराला अल-खलील म्हणतात. १९९७ च्या करारानं शहराचे दोन तुकडे झाले आणि जुनं शहर इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या तुकड्यात गेलं. जुन्या बाजाराच्या गल्लीवर लोखंडी जाळी ठोकलेली आहे, तिचे फोटो नीट बघ. वरच्या मजल्यांवर राहणारे इस्रायली वसाहतवाले खाली फेकतात तो कचरा, बाटल्या, दगड तिच्यात अडकून राहतात. जाळीखाली दुकानं आहेत, गिऱ्हाईकंही आहेत.

या शहरात १९९६ मध्ये पुनर्वसन समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या भागात माणसं उरली होती जेमतेम काहीशे. समितीचा हिशेब सरळ होता: घर रिकामं राहिलं की ते हातचं गेलं. म्हणून वसाहतींना लागून असलेल्या घरांकडे आधी लक्ष दिलं, भिंती सावरल्या, नळ-वीज आणली, सवलती दिल्या आणि कुटुंबं आणून बसवली. १९९८ मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. तू तो पुरस्कार ठळक अक्षरांत दिला आहेस. मी ठळक करीन ते संध्याकाळी लागणारे दिवे.

आता रिवाककडे ये. वास्तुविशारद सुआद अमीरी यांनी १९९१ मध्ये वेस्ट बँकेतल्या रामल्लामध्ये जुन्या इमारती जपणारी ही संस्था सुरू केली. त्यांनी आधी काही बांधलं नाही. मोजलं. गावोगाव फिरून ५०,३२० जुन्या इमारतींची नोंद केली, आणि त्यातल्या बऱ्याचशा ओस पडलेल्या निघाल्या. सगळं वाचवणं अशक्य, तेव्हा त्यांनी पन्नास गावांची गावठाणं निवडली, कारण तेवढ्यात जवळपास निम्मा वारसा येतो. २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, पेटला, नाकेबंदी झाली, इस्रायलमध्ये मजुरीला जाणाऱ्यांच्या चुली थंडावल्या. तेव्हा २००१ पासून त्यांनी जुन्या घरांच्या दुरुस्तीला रोजगाराचं काम केलं. या कामात यंत्रं कमी आणि हात जास्त लागतात, म्हणजे पैसा बहुतांशी गवंड्याच्या नि मजुराच्या घरी जातो. तुझ्या आराखड्यात ‘समुदाय’ आहे, पण मजुरी कोणाच्या हातात किती पडली याचा रकाना नाही. तो घाल.

चुन्याबद्दल थोडं विषयांतर करते, राहवत नाही. तरुणपणी एका वाड्याच्या विटांच्या भिंतीला मी मोठ्या आत्मविश्वासानं सिमेंटचा गिलावा करून घेतला. मालक खूश, मी त्याहून खूश. तीन पावसाळे गेले आणि आतल्या विटा बोटानं उकरता येतील इतक्या भुसभुशीत झाल्या. ओल आत शिरली होती आणि सिमेंट तिला बाहेर पडू देत नव्हतं. पॅलेस्टाइनच्या डोंगराळ गावांतली घरं चुनखडीच्या दगडाची, चुन्यात बांधलेली. तिथेही लोकांनी कौतुकानं सिमेंट भरलं आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले. दगडांमधल्या दरजा भरण्याला ते ‘कुहला’ म्हणतात. कुहल म्हणजे सुरमा. डोळ्यांत सुरमा घालावा तसा दरजांत चुना घालायचा! हा शब्द वहीत टिपून ठेव, आणि तिथे गेलीस की लेखणी खिशात ठेवून आठवडाभर एखाद्या गवंड्याच्या हाताखाली चुना मळ.

घरात शिरण्याआधी मात्र किल्ली कोणाकडे आहे ते विचार. जुनं घर बहुधा ‘होश’मध्ये असतं, म्हणजे मधे अंगण आणि भोवती एकाच कुळाच्या खोल्या. आपल्या वाड्याचा चौक डोळ्यांसमोर आण. आजोबांच्या नावावरचं घर आता पन्नास जणांचं. कोणी अम्मानमध्ये, कोणी कुवेतमध्ये, कोणी थेट शिकागोत. भाऊबंदकी काय असते हे तुला मी सांगायला नको, सातबाऱ्यावरची नावं वाचत वाढलेली आहेस तू. रिवाकसारख्या संस्था घर विकत घेत नाहीत. मालकांशी ठरावीक वर्षांचा वापराचा करार करतात, दुरुस्त करतात, तिथे बालवाडी किंवा महिलामंडळ चालतं. सह्या गोळा करण्यात भिंत बांधण्याहून जास्त दिवस जातात. मला विचारशील तर दुरावलेल्या भावंडांचा एका कागदावर येण्याचा हा उद्योगच तुझ्या प्रबंधाचा गाभा व्हावा.

वसाहतवादावरचं तुझं प्रकरण फार हवेत आहे. त्याला जमिनीवर आण. १९१७ च्या अखेरीस जेरुसलेम घेतलं आणि १९१८ मध्येच ब्रिटिशांनी नियम केला की इमारतींना स्थानिक दगडच लावायचा. दगडावर इतकं प्रेम! आणि १९३६ मध्ये याच ब्रिटिशांनी अरबांचं बंड मोडण्यासाठी जाफाच्या जुन्या शहरात सुरुंग लावून शेकडो घरं उडवली. १९४५ च्या त्यांच्या आणीबाणी नियमावलीतला ११९ वा नियम लष्कराला घर पाडण्याची मुभा देतो, आणि इस्रायल तो आजही वापरतो. वारसा जपणारा आणि घर पाडणारा हात एकच असू शकतो, हे त्या प्रकरणात यायला हवं. आणि हेही, की वेस्ट बँकेचा साधारण साठ टक्के भाग ‘सी क्षेत्र’ आहे, म्हणजे पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात, आणि तिथे पॅलेस्टिनी माणसाला बांधकामाची परवानगी क्वचितच मिळते. जुनी पाण्याची टाकी साफ करून दुरुस्त केली तरी पाडण्याची नोटीस येऊ शकते.

गाझाबद्दल लिहिताना घाई करू नकोस. तिथली जुनी अल-ओमरी मशीद आणि कस्र अल-बाशा हा जुना राजवाडा यांची इस्रायली हल्ल्यांनंतर आज जी अवस्था आहे त्यावर ‘पुनर्निर्माणाची संधी’ असं लिहिलंस, ते मी खोडलंय. कस्र अल-बाशाच्या ढिगाऱ्यातून माणसांनी हातांनी दगड निवडून वेगळे काढले, तेवढंच लिही. पुढचं त्यांना ठरवू दे.

शेवटी एक गाव, जे तुझ्या यादीत नाही. उत्तर इस्रायलमध्ये गॅलिलीतलं काफ्र बिरइम, मॅरोनाइट पंथाच्या अरब ख्रिश्चनांचं. १९४८ मध्ये इस्रायली लष्करानं त्यांना दोन आठवड्यांसाठी म्हणून बाहेर काढलं. १९५३ मध्ये विमानांनी गाव पाडलं. चर्च तेवढं उभं राहिलं. गावकरी आणि त्यांची पोरंनातवंडं अजून लग्नाला, बाप्तिस्म्याला तिथे येतात, आणि मेल्यावर त्याच गावच्या मातीत पुरली जातात. घंटा वाजते, मग सगळे आपापल्या गाड्यांत बसून दुसऱ्या गावांना परततात. तिथे दुरुस्ती कशाला म्हणायचं हे मला अजून उमगलेलं नाही. तुला काही सुचलं तर कळव.

दुसरा मसुदा दिवाळीआधी पाठव. त्यात निवडलेल्या प्रत्येक घराचे वारस किती आणि ते कुठे राहतात, हे पहिल्या पानावर असू दे.

तुझी,
मॅडम