देवमासे माणसाशी खरंच मैत्री करतात का?

बोटीला खेटून माणसांकडून डोकं कुरवाळून घेणाऱ्या देवमाशांचे व्हिडिओ खरे का, आणि त्यांनी आपल्याला माफ केलंय असं म्हणतात ते कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय. असं घडतं, हे खरं. माफीचं तेवढं मला पटत नाही.

असे बरेच व्हिडिओ मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या सान इग्नासिओ खाडीतले असतात. ग्रे व्हेल दर हिवाळ्यात आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहत तिकडच्या उथळ, शांत खाड्यांत येतात आणि पिल्लांना जन्म देतात. १८५०च्या दशकात चार्ल्स स्कॅमनसारख्या अमेरिकी शिकारी कप्तानांनी या खाड्या गाठल्या. तोंड अरुंद, आत माद्या आणि पिल्लं, म्हणजे आयतंच सावज. पण पिल्लाला इजा झाली की आई शेपटीच्या एका फटक्यात होडीच्या फळ्या करायची. शिकाऱ्यांनी तिचं नावच ‘सैतान मासा’ ठेवलं. बाळंतिणीच्या खोलीत भाले घेऊन हे शिरणार आणि सैतान कोण, तर ती!

ही धास्ती तिथल्या मच्छीमारांत पुढे कितीतरी वर्षं टिकली. १९७२ साली फ्रान्सिस्को मायोराल नावाचा मच्छीमार लहानशा होडीत असताना एक ग्रे व्हेल होडीशेजारी वर आली आणि जाईचना. कधी या बाजूला, कधी होडीखालून त्या बाजूला. शेवटी घाबरत घाबरत त्याने हात पुढे केला आणि तिला स्पर्श केला. तिने काही केलं नाही. आज तिथे माद्या स्वतःहून पिल्लांना बोटीकडे ढकलताना दिसतात. अंगावर शंखासारखे बार्नॅकल चिकटलेले, त्यांच्या आजूबाजूला उवांसारखे बारीक जीव वळवळत असतात, आणि लोक त्यावरूनच हात फिरवतात.

पण ही माफी नव्हे. ग्रे व्हेलचं आयुष्य माणसाएवढं धरलं, तरी स्कॅमनच्या होड्या पाहिलेली एकही आज जिवंत नसणार. माझ्या मते हे निव्वळ कुतूहल आहे, आणि तिथे भीती घालणारं कोणी उरलं नाही म्हणून ते टिकलंय.

मैत्रीपेक्षा रोखठोक व्यवहार पाहायचा असेल तर ऑस्ट्रेलियातलं ईडन गाव बघा. तिथल्या टूफोल्ड बे या उपसागरात ओर्कांचा, म्हणजे किलर व्हेलचा, कळप मोठे देवमासे किनाऱ्याकडे रेटायचा आणि डेव्हिडसन कुटुंबाच्या तळाजवळ येऊन पाण्यावर शेपट्या आपटायचा. हे लोक होड्या काढून भाल्याने शिकार पूर्ण करायचे. मग मेलेला देवमासा पाण्यातच नांगराला बांधून ठेवायचे, म्हणजे ओर्कांना जीभ आणि ओठ खाता येत. बाकीचं, म्हणजे तेल, माणसांचं. (ओर्का खरंतर डॉल्फिनच्या कुळातला, पण त्याला व्हेलच म्हणतात.) त्या कळपातला ‘ओल्ड टॉम’ १९३० साली मेला. त्याचा सांगाडा ईडनच्या संग्रहालयात आहे.

माफीबद्दल कोणाला विचारायचंच तर बोहेड व्हेलला विचारावं. २००७ साली अलास्कात तिथल्या मूळच्या इन्युपिअत लोकांनी शिकार केलेल्या एका बोहेडच्या अंगात, खांद्याजवळ, एकोणिसाव्या शतकातल्या स्फोटक भाल्याचा तुकडा रुतलेला सापडला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं तो देवमासा ते लोखंड अंगात वागवत पोहत होता.

आणि बहुतेक देवमाशांचा आपल्याशी संबंध येतो तो स्पर्शाचा नव्हे, आवाजाचा. त्यांचं सगळं जगणं ऐकण्यावर, आणि समुद्र आपल्या जहाजांच्या घरघरीने भरलेला. उत्तर अटलांटिकमध्ये राइट व्हेल आता चारशेच्या आसपासच उरल्यात. कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात संशोधक त्यांची विष्ठा गोळा करत आलेत. ती शोधायला कधी कधी बोटीच्या नाळेवर वास काढणारं शिकवलेलं कुत्रंही उभं असायचं. त्या विष्ठेतून ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण कळतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजांची ये-जा मंदावली, पाण्यातला आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरला आणि त्याच दिवसांत राइट व्हेलच्या विष्ठेतली ही संप्रेरकंही उतरली. जहाजं पुन्हा सुरू झाली, ती थोड्याच दिवसांत.