कांजिण्या बऱ्या झाल्यावर त्यांचा विषाणू शरीरात कुठे राहतो?

तुम्ही विचारलंय, यकृतात राहतो की रक्तात, आणि औषधानं कायमचा काढता येतो का. यकृतातही नाही, रक्तातही नाही. पाठीच्या कण्याला लागून मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो जाऊन बसतो; चेहऱ्याच्या नसेच्या गाठीतसुद्धा. खपल्या पडून जातात, हा मात्र जन्मभर तिथेच. पुढे वय झालं किंवा प्रतिकारशक्ती ढासळली की त्याच नसेवरून कातडीवर उतरतो. तीच नागीण.

एवढी गोष्ट आमच्या मामांना अजून पटलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

आईच्या उजव्या कुशीत आधी नुसती आग व्हायची, ब्लाउजच्या शिवणीखाली. मामा म्हणाले, पित्त असेल. मग पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यानं फोड उठले. मी दवाखान्यात न्यायला निघाले तर मामा दारात आडवे. "गोळ्या घेतल्या की नागीण आत वळते. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ठाऊक आहे ना?" शेजारच्या गावाहून एका बाबांना घेऊन आले. बाबांनी बेंबीजवळ गेरूची रेघ ओढली, काहीतरी पुटपुटले, नारळ-दक्षिणा घेऊन गेले. आणि नागीण खरंच रेघेपाशी थांबली! तेव्हापासून मामांची कॉलर ताठ आहे.

थांबायचीच होती. कण्यातून निघणारी प्रत्येक नस अंगाच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळते आणि पोटाच्या मधोमध तिची हद्द संपते. विषाणू ज्या गाठीतून उठला तेवढाच पट्टा पेटतो. बाबांनी रेघ ओढली ती नेमकी हद्दीवर. न ओढता चहा पिऊन गेले असते तरी फोड तिथेच थांबले असते. तोंड-शेपूट जुळायचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या नसा एकदम पेटायला हव्यात. तसं सहसा होत नाही, आणि झालं तरी त्यानं कुणी दगावत नाही.

इंग्लंडमध्ये एडगर होप-सिम्पसन नावाचे एक साधे फॅमिली डॉक्टर होते. आपल्याच पेशंटच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवून त्यांनी 1965 साली मांडलं, की नागीण म्हणजे अंगात दबून असलेल्या कांजिण्यांच्याच विषाणूचं पुन्हा डोकं वर काढणं. बाबांकडेही बऱ्या झालेल्यांची यादी तोंडपाठ आहे. मागाहून महिनोन्महिने कळा सोसणाऱ्यांची कुणी ठेवायची?

आई त्यातलीच. असायक्लोविरसारखी गोळी फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करायची असते. आम्ही पोचलो तेव्हा ती वेळ टळून गेली होती. फोड सुकले, दुखणं राहिलं. पदराचा काठ कुशीला लागू नये म्हणून एका हातानं तो धरून आई पोळ्या लाटायची. पंख्याच्या वाऱ्यानंही कळवळायची. "फोड गेले ना, मग आता काय?" हे वर मामांचं.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. नाही, काढता येत नाही. गोळी जाग्या विषाणूची वाढ रोखते, झोपलेल्याला हात लावत नाही. तो उठू नये म्हणून लस आहे, शिंग्रिक्स. भारतात 2023 पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांना दोन डोस. महाग आहे.

आणि हो, गोळी वेळेवर मिळाली असती तर आईचं दुखणं टळलंच असतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही. उतारवयात ते तसंही जास्त रेंगाळतं. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर एका पट्ट्याचा नियम धरून बसू नका, सगळीकडे पसरू शकते. कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईनं फोडांपासून लांब राहावं.

मामांना लस घ्या म्हटलं तर म्हणतात, मला कांजिण्या झाल्याचं आठवत नाही. आठवत नाही म्हणजे झाल्याच नाहीत असं नव्हे, मामा.