बोट मधल्या शब्दावर ठेवा

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी सांभाळते. नोकरीला १९ वर्षं झाली. आता पुन्हा पायाभूत साक्षरतेचं सक्तीचं प्रशिक्षण लागलं आहे. पाच दिवस मी तालुक्याला आणि चारही वर्ग एकट्या सरांच्या गळ्यात. आम्ही ‘अ अननसाचा’ म्हणतच शिकलो, माझी मुलंही तशीच शिकतात. वाचन शिकवायला संशोधनाचा आधार कशाला लागतो? आणि सक्ती कशासाठी?
– एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा राग मला समजतो. मी तीस वर्षं या खात्यात काढली, शेवटची आठ केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट (‘केंद्र’) सांभाळत. प्रशिक्षणाच्या सतरंजीवर बसले आहे आणि समोर उभी राहून बोललेही आहे. तरी सांगते, सक्ती हवी.

एका शाळाभेटीत बाईंनी तिसरीतला एक मुलगा कौतुकानं पुढे केला. त्यानं धडा घडाघडा वाचला. मी सहज पानाच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हा कोणता रे?” शब्द होता ‘विहीर’. मुलगा गप्प झाला. मग त्याचे ओठ हलू लागले. पहिल्या ओळीपासून धडा मनात म्हणत तो माझ्या बोटापर्यंत आला आणि म्हणाला, “विहीर.” बरोबर होतं. मी पाटीवर ‘हीर’ लिहिलं. त्याच शब्दातली दोन अक्षरं. त्याला ती वाचता आली नाहीत.

हा मुलगा रोज शाळेत येणारा. त्याच्या बाई मेहनती. आणि माझ्या स्वतःच्या वर्गातही अशी मुलं असणार, मी त्यांना “शाब्बास” म्हणून खाली बसवलं असणार, हे मला त्या दिवशी कळलं. ते अजून सलतं.

आपण ‘अ अननसाचा’ म्हणत शिकलो हे खरं. पण आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी पेपर येत होता, कुणीतरी गोष्ट वाचून दाखवत होतं. अशी मुलं कुठल्याही पद्धतीनं तरून जातात. ज्याच्या घरी छापील कागद किराण्याच्या पुडीपुरताच येतो, त्याचं सगळं बाईंनी नेमकं काय आणि कोणत्या क्रमानं शिकवलं यावर ठरतं.

आपल्या लिपीचंच बघा. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे ३४ व्यंजनं धरून बाराखड्या मांडल्या तर चारशेच्या वर रूपं होतात, जोडाक्षरं वेगळीच. वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीपर्यंत चालतं असं दिसलं. कन्नडची घडण आपल्यासारखीच आहे. मग क ते ज्ञ ओळीनं संपवून, नंतर बाराखडी, नंतर शब्द असं गेलो तर मूल पहिला शब्द वाचणार कधी? ङ आणि ञ घोकून ते काय वाचेल? त्याऐवजी म, क, ल, ब आणि काना एवढंच घ्या. काम, माल, लाल, बाक, कमल. आठ-दहा दिवसांत मूल स्वतः शब्द वाचतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

वेलांटीचंही तसंच. ‘दिवा’ लिहिलं की वेलांटी द च्या आधी दिसते, पण ऐकू येते द च्या नंतर. ‘सूर्य’ मधला र य च्या डोक्यावर बसलेला, उच्चार मात्र य च्या आधी. आपल्याला या गोष्टी दिसेनाशा झाल्यात, कारण आपण वाचणारे झालो. मूल कुठे अडतं हे कुणीतरी पुन्हा दाखवून द्यावं लागतं. अनुभवानं ते आपोआप कळत नाही. मला बावीस वर्षांत कळलं नव्हतं.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत साक्षरतेच्या मोहिमेच्या उद्दिष्टात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं आहे. कृपा करून घड्याळ लावून मुलांना पळवू नका. अक्षर जुळवण्यातच जीव गेला तर वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून वेग हवा. वाचून झाल्यावर “मग काय झालं?” हे रोज विचारा.

आता तुमच्या तक्रारीतला खरा भाग. प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तिथून केंद्राला उतरतं आणि तुमच्यापर्यंत येताना बहुतेक वेळा नुसत्या स्लाइड उरतात. पाच दिवस बसवून सोडून देण्यानं वर्ग बदलत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यानं २०१३ मध्ये वाचनाचा कायदा केला. शिक्षकांना प्रशिक्षण दिलंच, शिवाय सर्वांत कच्च्या शाळांमध्ये वाचनाचे मार्गदर्शक पाठवले. ते वर्गात बाईंबरोबर राहून काम करत. चौथीच्या वाचनात हे राज्य २०१३ साली देशात ४९ वं होतं, २०२४ ला ९ वं आलं. (तिथे वाचता न येणाऱ्याला तिसरीतच ठेवायची अटही आहे. ती मला आपल्याकडे नको, मुलाला त्याची शिक्षा कशाला?)

म्हणून तुम्ही दोघांनी मिळून गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी मागणी करा. प्रशिक्षण सलग पाच दिवस न ठेवता तीन आणि दोन अशा टप्प्यांत घ्या, मधला महिना वर्गात करून बघायला द्या, आणि त्या महिन्यात शिक्षकांना मदत करणाऱ्या साधनव्यक्तीनं निदान दोनदा तुमच्या वर्गात येऊन बसावं. सरांवरचा भारही थोडा हलका होईल.

आणि जाण्याआधी एक करा. उद्या दुसरीच्या प्रत्येक मुलाला जवळ घ्या, त्याच्या ओळखीचा धडा उघडा आणि मधल्या शब्दावर बोट ठेवा. ज्यांचे ओठ पहिल्या ओळीपासून हलू लागतील त्यांची नावं वहीत लिहा. ती वही प्रशिक्षणाला न्या आणि पहिल्याच दिवशी सुलभकांपुढे, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्यांपुढे, ठेवून विचारा, “यांचं काय करायचं, ते सांगा.”