लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, एवढे लोक फुकट काम का करतात?

बहुतेक जण फुकट करतच नाहीत, पगारावर करतात. कर्नलचा गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, उघडून बघा: बदल पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांत इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांची नावं दिसतात. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं छंद म्हणून सुरुवात केली हे खरं, पण आता आपली चिप लिनक्सवर नीट चालावी ही कंपन्यांचीच गरज आहे. अर्थात तीनदा परत आलेला पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) चौथ्यांदा स्वीकारला गेला की होणारा आनंद पगारात मोजता येत नाही, तो भाग वेगळा. छोट्या लायब्रऱ्यांना (इतर प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संचांना) मात्र हे पगाराचं गणित लागू नाही. असंख्य लिनक्स यंत्रणांत असलेली, फाइली आकसून लहान करणारी एक्सझेड ही लायब्ररी एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. मदतीला आलेल्या 'स्वयंसेवका'नंच तिच्यात चोरवाट पेरली, ती २०२४ मध्ये उघडकीस आली.